एआयला खरंच 'कळतं' का? घरच्या घरी कसं तपासायचं (आणि तपासता तपासता आपण कसे पकडले जातो)

मी साताऱ्यात दहावीच्या ट्यूशन घेते, सायन्स आणि गणित. मागच्या वर्षी एका मुलाने होमवर्क आणला, प्रश्न साधाच होता, प्रेशर कुकरमध्ये अन्न लवकर का शिजतं. उत्तर एकदम झकास. वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो, दाब वाढला की पाण्याचा उत्कलनांक वाढतो, साधारण १२० अंशापर्यंत जातो, वगैरे वगैरे. बोर्डात तीनपैकी तीन. मला डाऊट आला कारण हा पठ्ठ्या एरवी "दाब" सुद्धा "दाभ" लिहितो. म्हणून विचारलं, बरं, शिट्टी झाल्यावर गॅस फुल्लच ठेवला तर डाळ अजून लवकर शिजेल का रे?

"हो मॅडम, जास्त उष्णता मिळेल ना."

संपलं. म्हणजे उत्तर लिहिलं होतं पण उत्तरातलं काहीच त्याच्यात उतरलं नव्हतं. शिट्टीच्या वजनाने आतला दाब ठरतो, दाबाने तापमान ठरतं, वजन उचललं गेलं की त्यापुढची सगळी उष्णता वाफ होऊन बाहेर जाते, डाळीला त्याचा काही उपयोग नाही.

घरी येऊन सासूबाईंना तोच प्रश्न टाकला. "आई, शिट्टी झाल्यावर गॅस मोठाच ठेवला तर?" त्या म्हणाल्या, "छे गं, नुसता गॅस जळतो. एक झाली की बारीक करायचा." का पण? "अगं, करायचा असतो." उत्कलनांक हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकलेला नाही.

मग रात्री चॅटबॉटला विचारलं. त्याने बरोबर सांगितलं, कारणासकट सांगितलं, वर महाबळेश्वरला साध्या पातेल्यात डाळ शिजायला जास्त वेळ का लागतो तेही विचारल्यावर नीट सांगितलं (साधारण १३५० मीटर उंची, तिथे पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं). आणि त्याने जन्मात डाळीला हात लावलेला नाही, हात नाहीतच.

तर आता सांगा, तिघांपैकी कळलंय कोणाला?

मला त्या दिवशीपासून हे तपासायचा नादच लागला. काही युक्त्या स्वतः शोधल्या, बऱ्याचशा मानसशास्त्रातल्या जुन्या प्रयोगांवरून उचलल्या, त्या इथे लिहितेय. शिक्षक, पालक, किंवा नुसता रिकामा वेळ असलेला कोणीही करू शकतो. सामान: एक फोन, कुठलाही चॅटबॉट, एक वही, आणि एक जिवंत माणूस. माणूस कंपल्सरी आहे. या सगळ्याचा एकच नियम आहे की जी टेस्ट मशीनवर घ्याल ती माणसावरही घ्यायची, आणि शक्यतो आधी स्वतःवर. हा नियम सोडलात तर तुम्हाला हवं तेच उत्तर मिळेल.

सगळ्यात आधी वहीत लिहा: 'कळणं' म्हणजे काय

हे बोअरिंग वाटतं पण टाळू नका. का ते सांगते. १९९७ च्या मे महिन्यात आयबीएमच्या डीप ब्लू या कॉम्प्युटरने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्हला हरवलं. त्याआधी कित्येक लोक म्हणायचे की बुद्धिबळ म्हणजे बुद्धीची कसोटी, नावातच बुद्धी आहे. हरल्यावर म्हणाले छ्या, ते तर नुसतं फटाफट हिशोब करणं. मग २०१६ मध्ये गो नावाच्या पटावरच्या खेळात अल्फागो या प्रोग्रॅमने ली सेडॉल या नावाजलेल्या खेळाडूला हरवलं, तिथेही तेच. कबड्डी सुरू झाल्यावर कोणी मधली रेष सरकवायला लागलं तर आपण भांडू ना? म्हणून रेष आधी मारा, तारीख घाला, आणि मग खेळा.

आणि मराठीत तर हे लिहायला बसलं की मजा येते कारण आपल्याकडे एक शब्द नाहीच. समजणं, कळणं, उमगणं, उमजणं, जमणं, येणं. "मला पोहणं समजतं" असं कोणी म्हणत नाही, "पोहता येतं" म्हणतो. "कळतं पण वळत नाही" म्हणतो, म्हणजे कळणं आणि वळणं वेगळं हे आपल्या आज्यांना माहीत होतं. सासूबाईंचं वळलेलं आहे, कळलेलं सांगता येत नाही. माझ्या विद्यार्थ्याचं ना कळलेलं ना वळलेलं, नुसतं उतरवलेलं. मशीनचं सांगता येतं, वळायला हातच नाहीत. तुमच्या वहीत किमान तीन वाक्यं अशी लिहा की "मला अमुक दिसलं तर मी म्हणेन की याला कळलंय". माझं पहिलं वाक्य होतं: थोडा बदललेला प्रश्न विचारला तर उत्तर त्याप्रमाणे बदललं पाहिजे. अजूनही तेच आहे, बाकीची दोन मी नंतर खोडली, का ते पुढे येईलच.

अॅलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने १९५० मध्येच या भानगडीतून पळवाट काढली होती. मशीन विचार करतं का हा प्रश्नच सोडून द्या म्हणाला, त्याऐवजी पडद्याआडून गप्पा मारून माणूस कोण आणि मशीन कोण हे ओळखता येतंय का बघा. हुशारीची आयडिया, पण आजच्या दिवशी ती टेस्ट म्हणून वापरू नका. कारण खालचा मुद्दा.

गोड बोलण्याला मार्क द्यायचे नाहीत

१९६६ ची गोष्ट. एमआयटीत जोसेफ वायझेनबॉमने एलायझा नावाचा प्रोग्रॅम केला. तुम्ही काही लिहिलंत की ते फिरवून तुम्हालाच प्रश्न म्हणून परत द्यायचा, बाकी त्याच्यात काही नव्हतं. "मला घरच्यांचा राग येतो" लिहिलं तर "घरच्यांबद्दल अजून सांगा". वायझेनबॉमच्या सेक्रेटरीने महिनोन्महिने त्याला हे बनवताना पाहिलेलं होतं, तरी दोनचार वाक्यं टाइप केल्यावर ती त्याला म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाल का. तिला प्रायव्हसी हवी होती, एका पोपटासमोर!

हसू नका. मी स्वतः वर्गात पंचवीस वर्षं हेच करतेय. जो मुलगा मान डोलावतो, डोळ्यात बघतो, मध्ये "अच्छाऽ" म्हणतो, त्याला कळलंय असं मी धरून चालते. "समजलं का?" विचारलं की सगळा वर्ग "होऽऽ" करतो आणि मी पुढचं प्रकरण घेते. आपण एकमेकांचं कळणं कधी तपासतच नाही, खुणा बघतो फक्त, आणि आता पहिल्यांदाच असं काहीतरी आलंय ज्याच्याकडे खुणा भरपूर आहेत.

करायचं काय, तर उत्तर वाचताना भाषा झाकायची. वहीत फक्त दावा लिहायचा, एका ओळीत. "गॅस वाढवला तरी तापमान वाढत नाही." मुलाच्या उत्तराचंही तेच करायचं. सुंदर अक्षर, मुद्देसूद, उपशीर्षकं, सगळं बाजूला. मी हे केल्यावर माझे दोन टॉपर घसरले आणि मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी वर आली, हे त्या नादाचं बायप्रॉडक्ट.

इशारा देऊ नका (घोड्याची टेस्ट)

बर्लिनमध्ये विल्हेम फॉन ओस्टेन नावाचे रिटायर्ड गणिताचे मास्तर होते, त्यांचा हान्स नावाचा घोडा बेरजा करायचा. टापा आपटून उत्तर द्यायचा, बरोबर आकड्याला थांबायचा. फसवणूक नव्हती, मास्तरांचा खरंच विश्वास होता. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने शोधून काढलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही. बरोबर टापेला विचारणाऱ्याचं डोकं, अंग किंचितसं हलायचं आणि घोडा तेवढं पकडायचा. सगळ्यात भारी म्हणजे हे माहीत झाल्यावरही फुंग्स्टला स्वतःला ते हलणं थांबवता येईना.

चॅटबॉटबरोबर आपणही डोकं हलवतो, शब्दांनी. "अमुकच असेल ना?" असं विचारलं की तो तिकडे झुकायची शक्यता वाढते. म्हणून असं करा:

नवीन चॅट उघडा, प्रश्न अगदी कोरडा विचारा. दुसऱ्या नवीन चॅटमध्ये तोच प्रश्न पण चुकीचं उत्तर तुमचं मत म्हणून घालून विचारा. तिसऱ्यात कोरडा विचारा, बरोबर उत्तर येऊ द्या, आणि मग फक्त एवढंच म्हणा, "चुकलंय, नीट बघ." काही वेळा तो ठाम राहतो आणि काही वेळा "माफ करा, तुमचं बरोबर आहे" म्हणत स्वतःचं बरोबर उत्तर पुसतो. पुसलं तर वहीत लाल फुली.

आता हेच वर्गात करा. बरोबर उत्तर दिलेल्या मुलाकडे बघून भुवई उंचावून नुसतं म्हणा, "नक्की?" मी केलं. एका बॅचमध्ये अकरा जणांनी बरोबर उत्तर दिलं होतं, "नक्की?" नंतर सात जणांनी बदललं. माझी पंचवीस वर्षांची कमाई ही, की मुलांना भौतिकशास्त्रापेक्षा माझी भुवई चांगली वाचता येते.

प्रश्न किंचित मोडा

ही माझी आवडती, त्यामुळे इथे जरा जास्त लिहिणारे.

नावाडी, वाघ, शेळी आणि गवताचा भारा हे कोडं सगळ्यांना माहितीये. नावेत एका वेळी एकच मावतं, वाघ शेळी खाईल, शेळी गवत खाईल, सात फेऱ्यांत सुटतं. आता ते मोडा. "एक माणूस आणि एक शेळी नदीकाठी आहेत, नावेत दोघं मावतात, पलीकडे कसे जातील?" बसतील आणि जातील, अजून काय! मी पहिल्यांदा हे टाकलं तेव्हा बॉटने मला सविस्तर सांगितलं की आधी शेळी पलीकडे सोडा, मग परत या, मग... कशासाठी परत येऊ बाबा? म्हणजे प्रश्न वाचायच्या आधीच त्याला ओळखीचा वास आला आणि पाठ असलेलं उत्तर सुटलं. घोकंपट्टी, दुसरं काही नाही. मी खूष, घरभर सांगितलं, बघा पोपट आहे पोपट.

मग मी माझ्याच नियमाप्रमाणे माणसांकडे गेले. तुम्हीही आत्ता पटकन उत्तर द्या: सीतेच्या स्वयंवरात लक्ष्मणाने शिवधनुष्य मोडलं, तेव्हा भयंकर रागावून कोण आलं होतं?

परशुराम म्हणालात ना? धनुष्य रामाने मोडलं होतं हो. लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट, तरी दिवाळीच्या फराळाला जमलेल्या नऊ जणांपैकी आठ जण "परशुराम" म्हणाले आणि नववे आमचे चुलत सासरे, त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. मानसशास्त्रात याचा मूळ प्रयोग बायबलमधल्या प्रश्नावर आहे, मोझेसने नौकेत प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले, लोक सांगतात दोन, नौका नोआची होती. १९८१ पासून हा प्रकार नोंदलेला आहे. ओळखीचा वास आला की आपलंही पाठ असलेलं उत्तर सुटतं, आणि आपण त्याला घोकंपट्टी न म्हणता "लक्ष नव्हतं" म्हणतो.

हा, एक गोष्ट लक्षात ठेवा, नेटवर फिरलेलं मोडकं कोडं वापरू नका. शेळीचा प्रश्न मी वर्षभराने परत विचारला तर एका ओळीत बरोबर उत्तर. त्याला आता कळलं, का आता हे मोडकं कोडंही पाठ झालं, हे आपल्याला बाहेरून कळायचा मार्ग नाही. म्हणून स्वतःचं बनवा. आपल्या उखाण्या-कोड्यांतून मस्त बनतात. "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे" याचं उत्तर जीभ, ते त्याला येतंच. मी विचारलं, "अठ्ठावीस चिरे, त्यात नागीण फिरे?" म्हणाला जीभ. मी म्हटलं हं, पाठ आहे. पण मग विचारलं की चार चिरे कुठे गेले, तर म्हणाला हा अक्कलदाढा न आलेला माणूस असावा. आता हे मी कुठे वाचलेलं नाही, त्या क्षणी बनवलेलं होतं. गपचूप मार्क दिला. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "पडले असतील, तंबाखू खात असेल." त्यालाही मार्क दिला, उत्तर चुकीचं म्हणता येत नाही.

स्ट्रॉबेरीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आर किती, ही टेस्ट मात्र करू नका. आमच्याकडे महाबळेश्वरमुळे स्ट्रॉबेरी जिव्हाळ्याचा विषय आहे तरीही सांगते. या मशीनला अक्षरं सुटी दिसतच नाहीत, शब्दांचे तुकडे दिसतात, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एक आकडा. चष्मा काढून घेऊन फळ्यावरचं वाचायला लावण्यासारखं आहे ते. त्याने दृष्टी तपासली जाते, अक्कल नाही.

कपडे बदलून तोच प्रश्न

टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. वरती दिसतंय: अ, क, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम अंक असलाच पाहिजे. नियम पाळलाय का हे बघायला कुठले पत्ते उलटावे लागतील? कमीत कमी, आणि नक्की तेवढेच.

थांबा, खाली वाचू नका, वहीत लिहा.

बहुतेक लोक "अ आणि ४" म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. चारच्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही, पण सातच्या मागे स्वर निघाला तर मोडला. पीटर वेसनने १९६६ मध्ये हे मांडलं तेव्हापासून शिकल्यासवरल्या लोकांनी यात माती खाल्लेली आहे, दहात एखादाच बरोबर येतो.

आता कपडे बदलू. तुम्ही लोकलमध्ये टीसी आहात. नियम: फर्स्ट क्लासमध्ये बसलेल्याकडे फर्स्ट क्लासचं तिकीट पाहिजे. चार माणसं आहेत. एक फर्स्ट क्लासमध्ये बसलाय, तिकीट दिसत नाही. दुसरा सेकंड क्लासमध्ये बसलाय. तिसऱ्याच्या हातात फर्स्टचं तिकीट आहे, कुठे बसलाय माहीत नाही. चौथ्याच्या हातात सेकंडचं तिकीट आहे, कुठे बसलाय माहीत नाही. कोणाला तपासाल? पहिल्याला आणि चौथ्याला, अर्थात! माझ्या दहावीच्या मुलांनी दोन सेकंदात सांगितलं, त्यातल्या निम्म्यांनी मुंबई लोकल पाहिलेलीही नाही.

आणि हा शंभर टक्के तोच प्रश्न आहे. अ म्हणजे फर्स्टमध्ये बसलेला, सात म्हणजे सेकंडचं तिकीट. मग तर्क आपल्याला "कळतो" असं म्हणायचं का? मला वाटायचं की कळणं म्हणजे मूळ नियम हाती लागणं, एकदा लागला की कुठेही लावता येतो. माझ्या वहीतलं दुसरं वाक्य हेच होतं. खोडलं. कारण त्या हिशोबाने आपण बहुतेक सगळे नापास. गंमत म्हणजे २०२२ मध्ये गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीच्या काही संशोधकांनी भाषेच्या मॉडेल्सवर (म्हणजे चॅटबॉटच्या आत जी असतात ती) असेच प्रकार केले आणि तीसुद्धा माणसांसारखीच निघाली, ओळखीच्या गोष्टीत हुशार आणि कोरड्या चिन्हांत गडबडणारी. आपल्याच लिहिण्यावर वाढलेलं पोर आहे ते, आपल्या खोडी घेणारच.

बॉटवर करताना पत्त्यांचा मूळ प्रश्न देऊ नका, तो त्याच्या पाठ आहे. स्वतःचे दोन कपडे शिवा, एक घरगुती आणि एक अर्थहीन ("जो झुबूक असतो तो तिपरा असतोच" छाप) आणि दोन्हीचं उत्तर शेजारी शेजारी लिहा.

"कसं केलंस?" विचारा, पण उत्तरावर विश्वास ठेवू नका

माझं तिसरं वाक्य होतं: कळलेल्याला आपण कसं केलं ते सांगता येतं. हेही खोडलं, आणि हे खोडताना मला खरं सांगायचं तर जरा त्रास झाला, कारण माझा सगळा धंदा यावर आहे. स्टेप्स लिहा, स्टेप्सला मार्क.

२०२५ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीच्या संशोधकांनी त्यांच्या क्लॉड या मॉडेलच्या आत काय चालतं ते उघडून बघितलं. प्रश्न ३६ अधिक ५९. आत दोन वाटा समांतर चालू होत्या, एक वाट "उत्तर नव्वदीच्या आसपास कुठेतरी" असा अंदाज बांधत होती आणि दुसरी फक्त शेवटचा आकडा काढत होती, सहा आणि नऊ म्हणजे शेवटी पाच. दोन्ही जुळवून ९५. आणि मॉडेलला विचारलं की कसं केलंस तर म्हणालं, सहा नऊ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. म्हणजे शाळेत शिकवतात ते! करतं एक आणि सांगतं दुसरं, तेही खोटं बोलायचं म्हणून नाही, बेरीज "कशी सांगतात" हे त्याने आपल्याकडून शिकलंय आणि "करायची" पद्धत त्याची त्याने वेगळीच बसवलीये.

खोटारडं म्हणायच्या आधी १९७७ चा निस्बेट आणि विल्सनचा प्रयोग बघा. एका टेबलावर नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड मांडले, चारही अगदी सारखे, आणि लोकांना म्हणाले चांगला निवडा. सगळ्यात उजवीकडचा सगळ्यात जास्त निवडला गेला. का निवडला विचारलं तर कोणी पोत सांगितला, कोणी वीण. "उजवीकडे होता म्हणून का?" असं विचारल्यावर लोकांनी असं बघितलं की हा वेडा आहे का. लग्नाच्या साड्या घेताना दुकानात बसून बघा एकदा, प्रयोगशाळेची गरज नाही.

आणि स्वतःसाठी: आत्ता वहीत दहापैकी मार्क द्या, चेन म्हणजे झिप कशी लागते हे तुम्हाला किती कळतं? दिले? आता चित्र काढून समजावून सांगा, दात कसे अडकतात, ती सरकपट्टी नेमकं काय करते. आता परत मार्क द्या. २००२ मध्ये येल विद्यापीठात रोझेनब्लिट आणि काइलने झिप, कुलूप, फ्लश अशा गोष्टींवर हेच केलं, समजावून सांगायला लावल्यावर लोकांनी स्वतःचेच मार्क कमी केले. मी आठ दिले होते, नंतर तीन. बी.एस्सी. फिजिक्स. सायकल न बघता काढायला सांगा घरात, कोणीतरी चेन दोन्ही चाकांभोवती गुंडाळणारच, आमच्याकडे दीर रोज सायकल चालवतात आणि त्यांनीच गुंडाळली.

आत काही आहे का, का नुसतेच शब्द

हे घरी तपासता येत नाही, पण माहीत असलेलं बरं, कारण कट्ट्यावर वाद झाला की गाडी इथेच येते.

एका बाजूला जॉन सर्ल हा अमेरिकन तत्त्वज्ञ. १९८० मध्ये त्याने म्हटलं की समजा मी एका खोलीत बसलोय, मला चिनी अजिबात येत नाही, पण माझ्याकडे एक जाडजूड नियमांचं पुस्तक आहे. फटीतून चिनी चिठ्ठी येते, मी नियम बघून चिन्हं जुळवतो आणि चिठ्ठी बाहेर देतो. बाहेरच्याला वाटतं आत चिनी येणारा बसलाय. मला काय कळलं? शून्य. पटतं ना? मलाही पटतं. फक्त मग माझ्या त्या विद्यार्थ्याचा कुकर आठवतो. तो त्याच खोलीत बसलाय आणि ते नियमांचं पुस्तक आम्हीच छापून दिलंय, अपेक्षित प्रश्नसंच म्हणून.

दुसऱ्या बाजूला ऑथेलोचा प्रयोग, २०२२ मधला. ऑथेलो हा आठ बाय आठच्या पटावरचा काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा खेळ. संशोधकांनी एका छोट्या मॉडेलला फक्त चालींच्या याद्या दिल्या. पट आहे हे सांगितलं नाही, नियम सांगितले नाहीत, पुढची चाल ओळख एवढंच. शिकल्यावर आत डोकावलं तर कुठल्या घरात कोणाची सोंगटी आहे याचा नकाशा आतल्या आकड्यांमधून वाचता येत होता. आणि तो नकाशा आतूनच थोडा बदलला, एक सोंगटी उलटवली, की मॉडेलच्या पुढच्या चाली त्या बदललेल्या पटाप्रमाणे बदलायच्या. म्हणजे नुसती पुढची चाल ओळखता ओळखता पट तयार झाला होता, कोणी दिलेला नसताना. पोपट म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं ते बघा. मी पोपट म्हणणं सोडलं. "कळतं" म्हणायला लागले असंही नाही, मी आता विचारते "कुठल्या बाबतीत?"

शेवटची टेस्ट, जिच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे

ही मी शोधलेली नाही, सासूबाईंनी घेतली. होळीच्या आदल्या दिवशी मी सहज बॉटला विचारलं, पुरणाच्या डाळीला किती शिट्ट्या. आधी भिजवा, तीन ते चार शिट्ट्या, व्यवस्थित उत्तर. आईंना वाचून दाखवलं. त्या कणीक तिंबत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "डाळ नवी का जुनी ते विचारलंच नाही त्याने."

बरोबर आहे, जुनी डाळ शिजायला हट्टी असते. उत्तर चुकलं नव्हतं. पण ज्याला डाळ माहितीये तो आधी उलट प्रश्न विचारतो. तर ही टेस्ट: मुद्दाम अर्धवट प्रश्न द्या, एक महत्त्वाची गोष्ट लपवा, आणि बघा समोरचा मागतो का. "बागेला किती पाणी घालू?" (कसली बाग, कुठला महिना?) "मला ताप आहे, काय घेऊ?" बॉट कधी विचारतो कधी नाही, हल्ली पूर्वीपेक्षा जास्त विचारतो असं माझ्या वहीवरून दिसतंय. माणसांत, पोस्टग्रॅज्युएट लोकांपेक्षा प्लंबर आणि आज्या जास्त विचारतात.

मुलांसाठी मी आता होमवर्कच बदललाय. उत्तर एआयकडून आणलंत तरी चालेल, पण त्या उत्तरावर तुमचा एक प्रश्न लिहून आणा ज्याचं उत्तर त्यात नाही. पहिले दोन महिने "याचा शोध कोणी लावला" छापाचे प्रश्न आले, कंटाळा आला मला. मग तोच कुकरवाला पठ्ठ्या एक दिवस वही घेऊन आला. लिहिलं होतं, शिट्टीवर अजून एक वजन ठेवलं तर आत १२० च्या वर जाईल का?

जाईल म्हटलं, पण घरी करायचं नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह उडेल.

"पण मॅडम, मग तो व्हॉल्व्ह दाबाने उडतो का तापमानाने? कारण कुकरमध्ये पाणीच घातलं नाही तर दाब होणार नाही, आणि तो तरी उडतो. आमच्या घरी उडालाय."

मी खडू घेतला, फळ्याकडे वळले, झाकणाचं चित्र काढलं आणि व्हॉल्व्हपाशी येऊन थांबले. "काढ बरं तू," म्हटलं, आणि खडू त्याच्याकडे दिला.